अर्बाबाला नाही म्हणणारी माणसं

सिनेमात राजा आला की उस्मानचाचा चहाचा कप खाली ठेवून विचारत, "ह्यो अर्बाब ना?" अर्बाब म्हणजे आखातातला मालक, ज्याच्या हाती कामगाराचा व्हिसा असतो.

चाचा रत्नागिरीकडचे. आखातात, गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात तीस वर्षं गाड्यांचे डेंट काढत होते. मी शेजारच्या ट्रेडिंग कंपनीतला पुणेकर. त्यांना वेड एकाच तऱ्हेच्या सिनेमांचं. दूर देशी रानात घरं बांधून राहिलेली माणसं, साता समुद्रापलीकडच्या राजाशी त्यांची लढाई आणि शेवटी स्वातंत्र्य. दर शुक्रवारी नमाज आणि बिर्याणी आटोपली की पेनड्राइव्ह निघायचा. चाचांना इंग्रजी येत नसे, म्हणून दुभाषा मी. पगार बिर्याणीत.

लढाईत मात्र त्यांना काडीचा रस नव्हता. तोफा सुरू झाल्या की ते भांडी घासायला उठत. त्यांचे प्रश्न वेगळेच. "परक्या मुलखात घर बांधलान. ह्येचा व्हिसा कोणी काढलान?" व्हिसा नव्हताच म्हटलं, तर विश्वास बसेना. "मग दोन वर्सांनी रिन्यू?" तेही नाही. कर भरणार नाही, असं नायकाने राजाच्या अधिकाऱ्याला सुनावलं तेव्हा तर चाचा हादरलेच. "अर्बाबाला तोंडावर नाय म्हटलान! खलास!"

मी हसून बेजार व्हायचो.

मग तेलाचे भाव पडले आणि गॅरेजातली माणसं कमी होऊ लागली. चाचांचा व्हिसा या वेळी वाढणार नव्हता. "बरंच झालं," ते म्हणाले, "आता घरीच रवायचं, इन्शाल्ला." चेहरा मात्र बरं झाल्यासारखा दिसेना.

जाण्याआधीच्या शुक्रवारी त्यांनी सिनेमा लावला तो थेट शेवटाकडून. युद्ध संपलंय, नायक घरी येतो, बायको दार उघडते, तो काहीतरी बोलतो. चाचांनी तेवढंच तीनदा मागे नेऊन पाहिलं.

"जोशीसाहेब, तो तिला काय बोलतो?" त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. "दोन वर्सांनी एक म्हयना सुट्टी. तीस वर्सांत सगळा मिळून सव्वा वर्स संसार झाला आमचा. गेलो की हमीदा पाव्हण्यासारखी खातिर करते. आता कायमचा जातोय. दारात काय बोलू, कळत नाय."

नायक सांगत होता, की ही भूमी आता आपली आहे आणि आपली मुलं कुणापुढेही मान झुकवणार नाहीत. हे भाषण हमीदाचाचींसमोर करणारे चाचा माझ्या डोळ्यांपुढे आले.

"विचारतो," मी म्हटलं, "तू जेवलीस का?"

चाचा स्वतःशीच दोनतीनदा पुटपुटले, "जेवलीस का... जेवलीस का..."

"येवढं येईल मला," ते म्हणाले.