कोल्ह्याचा पहिला फोटो

प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातलं कपाट उघडण्याआधी गफूरचाचा दारावर टकटक करायचे. आत पेंढा भरलेला कोल्हा, एक घुबड आणि बरण्यांमधले साप-बेडूक. उत्तर यायची काही शक्यता नव्हती, तरी चाचा क्षणभर थांबायचे. मंगरूळपीरच्या त्या कॉलेजात मी विद्यार्थी होतो तेव्हा आम्हालाही टकटक केल्याशिवाय कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती. "कोनाच्याबी घरात अशेच घुसता काय?" हा त्यांचा सवाल ठरलेला. चाचा प्रयोगशाळेतले शिपाई, पण प्राचार्यांपेक्षा आम्ही त्यांनाच वचकून असायचो. फॉर्मॅलिनचा तो डोळ्यांना झोंबणारा वास कुठे आला, की मला अजून ती टकटक आठवते.

पुढे मी तिथेच शिकवायला लागलो आणि सगळ्या संग्रहाचे फोटो काढून वेबसाइटवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जगात कुणालाही ते फुकट पाहता येणार होतं. चाचांच्या निवृत्तीला महिनाच उरला होता. फोटोच्या दिवशी पाहतो तर कोल्हा चकचकीत आणि डोक्यावर सरळ भांग. चाचांनी त्याला खोबरेल तेल लावलं होतं.

"चाचा, हे काय?"

"फोटो काढाचा हाय ना, सर. त्याचा पयलाच हाय."

तेल उतरवण्यात माझे दोन दिवस गेले. मी चिडलो होतो, हे कबूल करतो.

शेवटच्या फळीवर सरड्याची एक बरणी होती. तिच्यावर वहीच्या कागदाचा चिठोरा, वेडीवाकडी अक्षरं: 'सरडा. मेथीच्या जुडीत भेटला.' ना तारीख, ना पकडणाऱ्याचं नाव. नियमाप्रमाणे अशा बरण्या बाद करून फेकायच्या होत्या, आणि मी पडलो नियमावर बोट ठेवणारा माणूस.

"माहिती सांगा, मी नवीन लेबल छापतो," मी म्हणालो. "हा चिठोरा काढा, नाहीतर बरणी बाद."

चाचांनी बरणी उचलून काखेत घेतली.

"चिठ्ठी काढाची नाई, सर. जैनबच्या हातची हाय."

जैनबचाची बाजारात भाजी विकायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आंगठाच लावे आधी. मंग बायांच्या वर्गात अक्षरं शिकली. जुड्या बांधता बांधता हा निंगाला, तं मले म्हने, तुमच्या कपाटात ठेवा, नाव मी लिहीन. तिच्या हातचं घरात दुसरं काईच लेखी नाई."

मला माझीच लाज वाटली. चिठोऱ्यासकट फोटो काढला. 'कोणी पकडला' या रकान्यात जैनबबी असं नाव घातलं. तारीख चाचांना पाठ होती.

परवा चाचा बसस्टँडवर भेटले. फार वाळले होते.

"सर, ते कपाट तुमच्या मोबाइलवर दाखवता काय जरा?"

मी वेबसाइट उघडली, शोधत सरड्यापर्यंत आलो आणि फोटोवर बोट टेकवणार, तोच चाचांनी माझा हात धरला. बोट वाकवून त्यांनी काचेवर हळूच दोनदा टकटक केलं आणि थोडं थांबले.

"हां, आता उघडा," म्हणाले.