हरवलेल्याचा पंचनामा

कितीही विषारी शब्द माझ्या ओट्यावर आणून सोडा, तासाभरात त्याचे दात पाडून देतो! सारं आयुष्य पोरांना शिकवण्यात गेलंय, चेष्टा नाही!

अशी फुशारकी मारूनच मी त्या संध्याकाळी ओट्यावरच्या शिकवणीत फळ्यावर लिहिलं : लूजर.

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात हा शब्द मोबाईलच्या खेळातून आला आणि गाजरगवतासारखा पसरला. गोटी चुकली, लूजर! भाकर करपली, लूजर! इथवर ठीक होतं. पण शाळेच्या कबड्डीत माझ्या शिकवणीतली चंचल चढाईला गेली आणि लोक ओरडू लागताच मैदानाच्या मधोमध थिजून उभी राहिली. गेल्या मोहाच्या हंगामात तिची आई फुलं वेचायला गेली होती. वाघानं नेली. तेव्हाही सारं गाव असंच ओरडत जंगलात धावलं होतं. पोरं ते विसरली आणि ‘लूजर, लूजर’ करत तिच्यामागे लागली. तेव्हापासून चंचल शाळेत नाही, माझ्या ओट्यावर नाही, आणि घरीही तोंडातून शब्द नाही.

तिला परत आणायचं, म्हणून हा पाठ!

“पोरांनो, हा शब्द फार जुना. शिवी तो अलीकडे झाला. आधी त्याचा अर्थ एवढाच, ज्याचं काही हरवलं तो.”

“म्हणजे माही चप्पल हरवली तं मी लूजर?” खुशबूनं विचारलं.

“अर्थात!”

“माहे दोन दात पडले!” आदेश ओरडला.

“मग तू दुहेरी लूजर!”

वर्ग खूश, मी त्याहून खूश! लगेच अभ्यास दिला : घरोघरी जाऊन विचारा, कोणाचं काय गेलं? सगळं गावच लूजर निघालं, की चंचलला चिडवणार कोण?

इथेच घात झाला! आमच्याकडे दारात येऊन ‘काय गेलं’ असं फक्त वनखात्याचे लोक विचारतात. वाघानं गाय मारली, डुकरांनी धान तुडवलं, की पंचनामा होतो, भरपाई मिळते. सकाळी दार उघडतो तर अंगणात ही जत्रा!

“गुरुजी, माह्या गाईचं लिवा,” रुखमाबाई रिकामं दावं घेऊन उभ्या.

“मी काऊन लिहू, बाई?”

“पोट्टे इचारून गेले ना!”

“अहो, तो इंग्रजीचा अभ्यास होता!”

“मंग इंग्रजीत लिवा. लवकर मंजूर होते!”

सुकलूनं तुडवलेल्या धानाचा चिखलानं भरलेला भारा थेट माझ्या खुर्चीवर ठेवला. गुणवंतराव गर्दीतून मुसंडी मारत आले. “माही बकरी! बिबट्यानं नेली!”

“भाऊ, ती तुमच्या नातवाच्या बारशाला शिजली! मी स्वतः दोनदा रस्सा घेतला!”

“मंग साक्षीदार म्हणून तुमीच सही करा!”

हशा पिकला. तेवढ्यात मागची माणसं आपोआप बाजूला सरली. चंचलचा बाप मुखरू पुढे आला.

“मुखरूभाऊ, तुमचा पंचनामा तर...”

“तिच्या मायचा झाला, गुरुजी. साहेब आले, जागा मोजून गेले.” तो खाली बघत म्हणाला, “पोरीचं बोलणं गेलं. त्याचा पंचनामा कोन करते?”

रुखमाबाईंनी दावं पदराखाली घेतलं. सुकलूनं भारा उचलला आणि खुर्चीवरचा चिखल आपल्या दुपट्ट्यानं पुसला. गुणवंतराव बकरीचं नावही न काढता निघाले. अंगण रिकामं झालं.

संध्याकाळी मुखरूनं चंचलला ओट्यावर आणून सोडलं. खुशबूनं सरकून तिला तरटावर जागा दिली. पोरं एकेक करून काय काय हरवलं ते सांगू लागली. आज कोणी हसत नव्हतं. चंचलची पाळी आली. मी घाईनं पुढच्या पोराकडे वळलो, तोच बारीक आवाज आला.

“गुरुजी, तुमचं काय हरवलं?”

एवढ्या दिवसांनी तिनं तोंड उघडलं होतं! आणि हा शब्दांचे दात पाडणारा मास्तर चाचरत म्हणाला, “माझा... चष्मा.”

“तो तं तुमच्या डोक्स्यावर हाये!” खुशबूनं बोट दाखवलं.

पोरं खदखदा हसली. चंचलचेही ओठ जरासे हलले. “लूजर गुरुजी!” कोणीतरी ओरडलं, आणि हे नाव मला कायमचं चिकटलं.

आता चंचल रोज येते. फार बोलत नाही. जाताना मात्र विचारते, “चष्मा सापडला का, गुरुजी?”

“सापडला,” असं सांगून मी आत जातो आणि चहाचं आधण ठेवतो. दोन कपांचं. आमच्या मंडळींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण एवढं सोपं गणित या मास्तराला अजून सुटत नाही!