शेवग्याचं तिखट पाणी

मयुरी धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि लग्न होऊन साक्रीकडच्या एका खेड्यात आली. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गावच्या विहिरीत उतरलं की हंड्यात दुधाचा चहा भरल्यासारखं दिसायचं. बायका ते पाणी फडक्याने गाळून प्यायला द्यायच्या आणि घरोघरी पोरांची पोटं बिघडायची. मयुरीने छाती ठोकून सांगितलं, की शेवग्याच्या वाळलेल्या बियांनी हेच पाणी दोन तासांत काचेसारखं करून दाखवते, सरपंच ताईबाईंनाच बोलवा!

सासूबाईंना, म्हणजे इंदिराबाईंना, सुनेचं भारी कौतुक. मयुरी सोललेल्या बिया खलबत्त्यात कुटायला बसली, तर तिच्या हाताला फोड येतील म्हणून त्यांनी डबाच उचलला आणि चक्कीवरून बारीक पूड करून आणली. पूड जराशी लालसर होती. पण अंगणात एवढी गर्दी जमलेली, की तिकडे बघायला सवड कोणाला? मयुरीने ती थोड्या पाण्यात कालवली, गाळली, गढूळ पाण्याच्या पिंपात ओतली आणि आधी भराभर, मग हळूहळू ढवळली.

दोन तासांनी गाळ तळाशी बसला. वरचं पाणी असं नितळ झालं, की ताईबाईंनी पिंपात वाकून आपलं कुंकू सारखं केलं. मयुरीने त्यातलं थोडं उकळलं, गार केलं आणि पहिला पेला त्यांच्या हाती दिला.

ताईबाईंनी तो एका दमात संपवला. मग त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात.

“हाई पानी शे का रस्सा?” त्यांनी पदराने डोळे पुसत विचारलं.

तेव्हा इंदिराबाईंनी सुनेच्या कानात सांगितलं, की पिठाची चक्की बंद होती, म्हणून मिरची-मसाल्याच्या चक्कीवर काम भागवलं. आता हे गाव आपलं पुन्हा कधी ऐकत नाही, असं मयुरीला वाटलं. पण चार दिवसांच्या सर्दीने बेजार झालेल्या ताईबाई लांब श्वास घेऊन म्हणाल्या, “मन्हं नाक मोकळं व्हयनं.”

झालं! सकाळी मयुरीच्या दारात बाटल्या घेऊन रांग. सर्दीवर रामबाण पाणी मिळतं, असं कोणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. शेजारच्या गावाहून एक रिक्षाही भरून आली. हे औषध नाही, ती नुसती मिरची होती, असं मयुरी घसा फोडून सांगत होती, पण हलतंय कोण? शेवटी तिने खलबत्ता बाहेर आणला आणि रांगेतल्या प्रत्येकाला बिया कुटायला बसवलं. त्याच पुडीने अंगणातल्या हंड्यातलं गढूळ पाणी निवळवून दाखवलं आणि ते उकळूनच प्यायचं, असं बजावलं.

रांगेतल्या म्हाताऱ्या निंबाआबांनी ते साधं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “यामा काही दम नही,” ते म्हणाले. पण जाताना मूठभर बिया खिशात घालून गेले.

पावसाळा सरेपर्यंत घरोघरी बियांचे डबे भरले आणि पोरांची पोटंही बरीच ठिकाणावर आली. उन्हाळ्यात मात्र इंदिराबाईंना शेवग्याच्या शेंगांची आमटी खावीशी वाटली, तर गावात एक शेंग मिळेना. बियांसाठी सगळ्यांनी शेंगा झाडावरच वाळत ठेवलेल्या! मयुरी साक्रीच्या बाजारात गेली. भाजीवाल्याने विचारलं, तुमच्या गावात तर दारोदारी शेवगा आहे ना?

मयुरीने पिशवी पुढे केली.