तिळगुळाचे दोन डबे

२०१८ सालची संक्रांत. आम्ही भोपाळला कोटरा सुल्तानाबादमध्ये राहत होतो आणि आमच्या मागच्या अंगणात ससे राहत होते.

"विकतचं खाद्य कशाला? शेतकरी फेकतो त्यावर ससे धष्टपुष्ट करून दाखवतो! अख्खं भोपाळ बघायला येईल!" असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं होतं. निवृत्तीनंतर हा माणूस मुका झाला होता. ससे आले आणि हे नळाला पाणी यावं तसे बोलू लागले! अंगणभर हरभऱ्याचं कुटार, म्हणजे आमच्या नागपूरकडचा भुसा, मटारची सालं, घाण्यावरची तिळाची पेंड. मी कुरकुरायचे, पण घरात आवाज होता, तो मला हवा होता.

सशांना मात्र बेत पसंत नव्हता. सालं फस्त करायचे आणि कुटाराकडे पाठ फिरवायचे, सरकारी बाबू अर्जाकडे फिरवतो तशी! हडकायला लागले. ससे मंडीदीपच्या विश्वासकडून आणलेले. तो म्हणाला, "काका, संक्रांतीपर्यंत बघा. नाहीच खाल्लं तर मी वापस घेऊन जातो."

हे पुन्हा गप्प!

शेवटचा उपाय म्हणून ह्यांनी कुटार दळलं, त्यात पेंड आणि चमचाभर गूळ घालून लाडू वळले. त्याच सकाळी मीही तिळगूळ वळला. लग्नात आलेले दोन डबे, अगदी जुळे भाऊ! पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

संध्याकाळी हळदीकुंकू. "तिळगूळ घ्या, गोड बोला!" शिवाजी नगरच्या कांचनताईंनी घास घेतला आणि त्यांचा जबडा अडला.

"नागपूरकडची पद्धत का हो, वहिनी?"

"भाभीजी, फाइबर बहुत है!" शेजारच्या श्रीवास्तव भाभी डोळे पुसत म्हणाल्या.

गोड बोलायचं ठरलेलं, त्यामुळे सगळ्या गोड बोलत रवंथ करत होत्या!

तेवढ्यात हे बनियनवरच धावत आले. "खाल्ले! अगं, सशांनी कुटाराचे लाडू खाल्ले!"

हातातल्या डब्यात माझा तिळगूळ.

मी डब्याकडे पाहिलं. ह्यांनी कांचनताईंच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं.

"म्हणजे आम्ही खातोय ते..." कांचनताई पुटपुटल्या.

"सशांचं," मी म्हणाले.

हे मटकन खाली बसले. चेहरा पुन्हा बंद व्हायला लागला.

"अहो, तीळ आवडले त्यांना," मी घाईने म्हटलं. "कुटारात मूठभर भाजलेले तीळ टाकून बघा की!"

ह्यांनी वर पाहिलं, पुन्हा एकदा कांचनताईंच्या गालाकडे पाहिलं, आणि असे हसले की श्रीवास्तव भाभींना ठसका लागला.

तिळाने काम केलं. ससे राहिले. हे बोलत राहिले.

कांचनताई आता मुलाकडे पुण्याला असतात. संक्रांतीला फोन करून विचारतात, "यंदा कोणाचे लाडू?" श्रीवास्तव भाभी अजून माझ्या हातचं काहीही आधी हुंगतात. ससे विश्वासकडे परत गेले, पण २०२१ मध्ये, हे गेल्यावर.

ते दोन डबे मी अजून शेजारी शेजारी ठेवते. खूण केलेली नाही. काय करायची? आता कुठलाही उघडा, तिळगूळच निघतो!