डॅशबोर्डवरचं परिपत्रक

हेडक्लार्कांनी गाडीच्या डॅशबोर्डवर परिपत्रक चिकटवलं, त्याला तसंच कारण घडलं होतं. मागच्या महिन्यात फोनवर "हो साहेब, निघालोच" म्हणता म्हणता त्यांनी बँकेचं फाटक आडवं केलं होतं. बायको एवढंच म्हणाली, "आता एक ओरखडा जरी पडला, तर किल्ली माझ्याकडे."

परिपत्रकात तीन कलमं होती. चालकाचा फोन पत्नीच्या पर्समध्ये राहील. सर्व प्रवासी मागे बसतील. गाडी चालू असताना कोणीही बोलणार नाही.

आज मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं. मागच्या सीटवर बायको, मुलगी आणि सासूबाई बसल्या होत्या. पेट्रोल भरून झालं आणि बायको पाण्याची बाटली आणायला उतरली. तेवढ्यात मागच्या टँकरने भोंगा वाजवला. हेडक्लार्क दचकले आणि निघाले.

"बाबा, आई..." मुलगी किंचाळली.

स्टिअरिंग थरथरलं. गाडी दुभाजकाला चाटता चाटता वाचली. "कलम तीन!" हेडक्लार्क ओरडले. "आईची तक्रार नंतर!"

सासूबाईंनी नातीच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प बस," त्या कुजबुजल्या. "तुझ्या आईला टॅक्सी मिळेल. आपल्याला दुसरा जीव मिळायचा नाही."

हेडक्लार्कांनी कान टवकारले. मागे कुजबुज कसली? टायर बसला की काय? विचारायची सोय नव्हती, कलम त्यांनीच लिहिलं होतं. त्यातून एकही सिग्नल लाल मिळेना. मागून एक टॅक्सी सारखी हॉर्न मारत होती. मग ती शेजारी आली आणि खिडकीतून एक हात जोरजोरात हलू लागला. हेडक्लार्कांनी नजर रस्त्यावरून ढळू दिली नाही. असल्या लोकांमुळेच अपघात होतात!

अखेर त्यांना राहवलं नाही. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. "बोला."

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमची मुलगी पंपावर राहिली."

हेडक्लार्क किल्ली काढून खाली उतरले. टॅक्सी पुढ्यात येऊन थांबली आणि बायकोने डोकं बाहेर काढलं. त्यांनी निमूटपणे किल्ली पुढे केली.

"राहू द्या हो. गाडीला कुठे काय झालंय? ठरलं ते ठरलं. या सावकाश मागून. ह्या दादांची गोष्ट ऐन रंगात आलीय."

"कसली गोष्ट?" म्हणत सासूबाई उतरल्या. पाठोपाठ मुलगीही पळाली.

रिकाम्या गाडीत हेडक्लार्क टॅक्सीमागून निघाले. किल्ली वाचली होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पुढे टॅक्सीवाला मान पार मागे वळवून बोलत होता आणि तिघी पोट धरून हसत होत्या. स्टिअरिंगवर त्याचा एकच हात! हेडक्लार्कांनी घाईघाईने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले,

"अहो दादा, समोर बघा, समोर!"

टॅक्सीवाल्याने समोर पाहिलं. सिग्नल लाल होता. त्याने शिस्तीत ब्रेक लावला.

धाडकन आवाज झाला.

बायको उतरली. तिने बंपरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीशी येऊन तिने तळहात तेवढा पुढे केला.