दार लावायला गेलेले आजोबा

आमचे वडील दुसऱ्यांदा वारले ते माझ्यामुळे. (पहिल्यांदा ते म्हातारपणाने, अंथरुणात, रीतसर गेले. त्यात माझा हात नव्हता.) झालं एवढंच, की सुट्टीच्या दिवशी दुपारी मला वाटलं, जरा त्यांना बघून यावं.

ते राहायचे मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये. तिचा एक खेळ आहे. त्यात दाढीवाले बुटके डोंगर पोखरून किल्ला बांधतात, आत खोल्या काढतात, पलंग करतात, आणि बाहेर जंगलात जाऊन मरतात. वडील गेले तेव्हा मुलीने त्यात एक नवा बुटका घेतला, त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं आणि त्याला सुतारकाम दिलं, कारण वडील जन्मभर सुतार होते. मीही आहे त्यात. मला तिने कारकून केलंय. माझ्या नावापुढे सदानकदा 'काम नाही' असं दिसतं. (हे तिने लिहिलेलं नाही. खेळ आपणहून लिहितो.)

मुलगी सध्या नोकरीच्या ट्रेनिंगला परगावी. तिला फोन करून विचारलं.

"बघा हवं तर," ती म्हणाली. "पण आजोबांना सांभाळा. आणि काही महत्त्वाचं झालं की लगेच सेव्ह करा."

"अगं, ऑफिसात जन्म गेला माझा. सेव्ह करायला तू नको शिकवू."

खेळ उघडला. आजोबा पलंग करत होते. ठिपक्याएवढा बुटका, पण वाकून, मान तिरकी करून, अगदी तसाच. मला भरून आलं. इथेच उठलो असतो तर निभावलं असतं.

पण एक बुटका रिकामा उभा दिसला. (मी नव्हे, दुसरा.) रिकामा माणूस मला ऑफिसातही बघवत नाही. मी त्याला कोळी केलं आणि नदीवर मासा धरायला पाठवलं. माशाने त्याला धरलं. त्याला बघायला त्याचा मित्र गेला, तोही परत आला नाही. मग एक माकड आत शिरलं आणि आचाऱ्याचा मोजा घेऊन पळालं. नदीतल्या दोघांचं आचाऱ्याला काही वाटलं नव्हतं, पण मोजा त्याच्या जिव्हारी लागला. त्याने आधी चूल फोडली, मग शेजारी उभ्या असलेल्या गवंड्याचं डोकं.

"काय झालं हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोळी मेला."

"बरं झालं. झाडूने लोटून टाका."

"अगं, त्याला बायको होती."

यावर ती झाडू घेऊन स्वतःच बाहेर आली, कोपऱ्यात जाळं शोधलं, मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि परत गेली.

तेवढ्यात रानडुकरं आली. एक नाही, कळपच्या कळप, आणि किल्ल्याचं दार सताड उघडं. मी घाबरून मुलीला फोन लावला.

"बाबा, मी वर्गात आहे," ती कुजबुजली.

"रानडुकरं आलीत. आजोबा आत आहेत."

"मग दार लावा. पटकन." आणि तिने फोन ठेवला.

आता इथे आमच्या घरची भाषा सांगायला हवी. सुताराच्या घरात दार लावायचं म्हणजे चौकटीला बिजागऱ्या ठोकून नवं दार बसवायचं. उघडं दार बंद करायचं असलं तर वडील म्हणायचे, 'दार ओढ.' मी त्या भाषेत वाढलो. लग्न होऊन आल्यावर बायकोने मला पहिल्यांदा 'दार लावा' म्हटलं, तेव्हा मी हातोडी घेऊन आलो होतो. मुलगी आईची भाषा बोलते, हे मला ठाऊक आहे. पण डुकरं समोर आली की माणूस बापाच्या भाषेवर जातो.

शोधून शोधून दाराचं चित्र सापडलं. जुनं दार तसंच उघडं ठेवून त्याच्या पुढे, पार उंबऱ्याबाहेर, दुसरं दार लावायचा हुकूम मी सोडला. किल्ल्यात सुतार एकच होता.

आजोबांनी पलंग अर्धवट टाकला, दार खांद्यावर घेतलं आणि निघाले. सगळे आत पळत होते, आजोबा बाहेर चालले होते. वाटेत माझा बुटका होता. त्याने बाजूला सरकून त्यांना वाट दिली. मी सापडेल ते बटण दाबत "मागे फिरा, मागे फिरा" म्हणत होतो. पण काम हाती घेतल्यावर वडिलांनी माझं कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ऐकलं नाही. त्यांनी दार बसवलं. चोख बसवलं, आतून घट्ट बंद होणारं. स्वतः मात्र ते बाहेरच्या बाजूला राहिले.

रानडुकराने आजोबांना मारल्याची एक ओळ पडद्यावर आली. मी चष्मा काढून ठेवला. खेळातल्या ठिपक्यासाठी रडणं हास्यास्पद आहे, पण मी रडलो.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आजोबा कसे आहेत?"

"गेले."

"कसे?"

"दार लावताना."

तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. "मी रोज त्यांना बघायचे, बाबा," ती म्हणाली. "काही खेळायचे नाही. नुसतं बघायचे."

बायको येऊन माझ्या शेजारी बसली.

"जाऊ दे. तुम्ही नका रडू," मुलगी नाक ओढत म्हणाली. "खेळ तसाच बंद करा आणि परत उघडा. माझं जुनं सेव्ह असेल, त्यात आजोबा असतील. एकच सेव्ह राहतं म्हणा, नवं केलं की जुनं पुसलं जातं. पण तुम्ही नंतर सेव्ह केलं नाहीत ना?"

"केलं की."

"कधी?"

"तूच म्हणालीस, महत्त्वाचं काही झालं की लगेच."



"बाबा," ती म्हणाली, "आता तुम्ही काहीही करू नका."

पडद्यावर, नव्या दाराच्या आतल्या बाजूला, माझा बुटका तेच करत उभा होता.