दृष्टी समाधानकारक

नेहमी चष्मा लावून येणारा कर्मचारी एके सकाळी चष्म्याविना कामावर हजर झाला, तर त्याची दृष्टी गेली असे समजावे की आली असे, याबाबत आमच्या सेवानियमांत स्पष्ट तरतूद नाही. ही त्रुटी माझ्यामुळे उघडकीस आली, हे मी नम्रपणे नमूद करतो.

वाहन परवाना कार्यालयात मी दृष्टीचाचणी कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात मी एकटाच आहे, तरीही प्रमुख आहे. उमेदवार जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर उभा राहतो, समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचतो, मी ती टेबलावरच्या कागदाशी ताडून पाहतो आणि शिक्का मारतो. तक्ता वाचणं हे उमेदवाराचं काम. परीक्षकानं तक्त्याकडे पाहू नये असा नियम नाही, पण पाहावं असाही नाही. आणि पाहून उपयोग नव्हताच. माझा चष्मा लग्नाच्या वेळचा. डोळ्यांचा नंबर केव्हाच पुढे निघून गेला होता, चष्मा मात्र निष्ठेनं आपल्या जागी राहिला होता. टेबलापलीकडचं जग मला पुसट दिसे. नोकरीत त्यानं कधी अडलं नाही.

अडलं ते घरी. एकदा बाजारात मी बराच वेळ दुसऱ्याच बाईंच्या मागून पिशव्या घेऊन चालत राहिलो. त्या बाईंची काही तक्रार नव्हती. बायकोची होती. तिनं तिच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. माझी ही मेहुणी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. डोळ्याला सुरी लावू देणार नाही, असं मी आधीच जाहीर केलं. त्यावर तिनं वेगळाच उपाय सांगितला. रात्री झोपताना छोट्या कडक लेन्स घालायच्या. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला त्या झोपेत हलकेच आकार देतात. सकाळी काढून ठेवायच्या, की दिवसभर उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं.

"पण भावोजी, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "घालायचं थांबवलंत, की डोळे पुन्हा पहिल्यासारखे."

मी हो म्हणालो ते दृष्टीसाठी, असं कुणी समजू नये. चष्मा काढला की मी बराच तरुण दिसतो, असं माझं मत होतं. चष्मा काढल्यावर आरशातलं मला काही दिसत नसे, त्यामुळे हे मत अनेक वर्षं टिकून होतं. बायको एवढंच म्हणाली, "आयुष्यभर जागेपणी काही दिसलं नाही, आता झोपेत काय बघणार आहात?"

हात धुऊन, श्वास रोखून, रोज रात्री मी लेन्स घालू लागलो. आठवड्याभरात जग जवळ आलं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं दिसलं. आरशात एक वयस्कर गृहस्थ दिसले. माझ्याकडे पाहताना बायकोच्या चेहऱ्यावर कायम एक ठरावीक भाव असतो, हेही कळलं. तो मी आजवर कौतुकाचा समजत आलो होतो.

मग मी चष्मा घरी ठेवून कार्यालयात गेलो. पहिला उमेदवार रेघेवर उभा राहिला आणि घडाघडा वाचू लागला. उत्साहाच्या भरात मी नोकरीत पहिल्यांदाच तक्त्याकडे पाहिलं.

तक्ता कोरा होता. समोरच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हानं त्यातली अक्षरं कधीच उडून गेली होती. उरला होता एक पिवळसर पुठ्ठा आणि चार खिळे. उमेदवार मात्र शेवटच्या ओळीपर्यंत पोचला होता.

"कुठली ओळ वाचताय?" मी विचारलं.

"सगळ्यात खालची, बारीक आहे ती," तो म्हणाला. गेटबाहेर बसणारा एजंट अक्षरं पाठ करून घेतो, हे मला त्या दिवशी समजलं. सगळ्या शहराला ते आधीपासून माहीत होतं.

त्या रांगेत मुद्रितशोधक बाई होत्या. छापखान्यात मजकुरातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. छापखाना गावाबाहेर हलला होता, पाळी सुटायच्या वेळी बस नसे, म्हणून त्यांना स्कूटर चालवणं भाग होतं. याआधी दोनदा मी त्यांना नापास केलं होतं, कारण दोन्ही वेळा त्यांनी रेघेवर उभं राहून एकही अक्षर वाचलं नव्हतं. या वेळीही मी तक्ता वाचायला सांगितला.

"तिथं अक्षर नाहीये," त्या शांतपणे म्हणाल्या. "असतं तर माझ्या नजरेतून सुटलं नसतं."

मी त्यांना पास केलं. पण मग ज्यांना अक्षरं दिसत होती त्यांचं काय करायचं? कोऱ्या पुठ्ठ्यावर अक्षरं दिसणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देणं धोक्याचं, म्हणून मी त्यांना नापास करत गेलो. ज्याला काही दिसत नाही तो पास, ज्याला दिसतं तो नापास, अशी शास्त्रशुद्ध पद्धत दुपारपर्यंत रूढ झाली. रांगेत आरडाओरडा झाला, एजंटानं धंदा बुडाल्याची तक्रार केली आणि साहेबांनी मला बोलावून घेतलं.

साहेब मुळीच रागावले नाहीत. माझ्या सेवानोंदीत 'चष्मा वापरतो' असं लिहिलं आहे, चष्मा तर दिसत नाही, मग मला दिसत नसणार, इतकं सरळ त्यांचं म्हणणं होतं. मी लेन्सची सगळी हकीकत सांगितली आणि नवा तक्ता मागवायची विनंती केली. तक्त्याबद्दल आजवर एकाही उमेदवाराची तक्रार नाही, त्यामुळे तो बदलता येणार नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"तक्ता कोरा असेल, तर आजवरचे सगळे परवाने चुकीचे. त्यात माझाही आला. तेव्हा दोष तक्त्यात आहे की तुमच्या डोळ्यांत, हे आधी ठरवू."

डोळ्यांचा दोष ठरवण्याचा अधिकार फक्त दृष्टीचाचणी कक्षाला आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी माझी चाचणी माझ्याच कक्षात, त्याच तक्त्यावर ठेवण्यात आली. साहेब माझ्या खुर्चीत बसले आणि माझा कागद पुढ्यात घेतला. आदल्या दिवशीच्या निकालावर हरकत आल्यामुळे मुद्रितशोधक बाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या.

त्या पिवळ्या रेघेवर मी पहिल्यांदाच उभा राहत होतो. समोर पुठ्ठा, चार खिळे, आणि पुठ्ठ्यावर एक माशी. इतकं स्वच्छ मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. 'काही नाही' म्हणालो तर आंधळा ठरून घरी बसायचं होतं. घरी बायकोच्या चेहऱ्यावरचा तो भाव होता, आणि आता तो दिवसभर दिसला असता. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं, आज निदान एक जण त्यांच्या बाजूनं बोलेल.

मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तक्ता वाचून दाखवला. माशी उडाली तेव्हाही थांबलो नाही.

"उत्तम," साहेब म्हणाले. "मग या बाईंना का दिसत नाही?"

"त्यांनी डोळे तपासून घ्यावेत," मी म्हणालो.

बाईंचा पासचा शेरा तिथल्या तिथे रद्द झाला. जिन्यात त्यांनी मला गाठलं. भांडल्या नाहीत. कच्च्या मजकुरातली शंका लेखकाला विचारावी तसं विचारलं, "तिथं काही नाही हे तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं," मी म्हणालो. "पण उपचार तात्पुरता आहे."

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, एजंटाकडून. भिंतीकडे एकदाही न बघता, माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी सगळी अक्षरं म्हटली. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत 'र' चुकून दोनदा आलाय. तुमच्या कागदावरही तसाच असेल, म्हणून काढला नाही." मी कागद पाहिला. तसाच होता. मी शिक्का मारला. तो मारताना माझी मान वर झाली नाही.

यापुढे नोंदीप्रमाणे चष्मा लावूनच यावं, असं साहेबांनी मला कळवलं. सुधारलेल्या डोळ्यांवर जुना चष्मा चढवला की डोकं ठणकतं, म्हणून मी लेन्स घालणं सोडलं आणि थोड्याच दिवसांत डोळे मूळ पदावर रुजू झाले. गुण आला म्हणून उपचार सोडणारा पेशंट मेहुणीनं पहिल्यांदाच पाहिला. साहेबांनी वार्षिक शेऱ्यात माझी दृष्टी व्यापक असल्याचं लिहिलं आहे.

काल रस्ता ओलांडताना एक गाडी मला घासून गेली आणि पुढे जाऊन थांबली. चालक सभ्य होता. त्यानं काच खाली केली, विजेच्या खांबाची मनापासून क्षमा मागितली आणि निघून गेला. वाचकहो, ते तुम्हीच होतात का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मला नीट दिसलं नाही, आणि तुम्हाला विचारण्यात काही अर्थ नाही.